श्रमिकाचे शरीर, घराची संमती आणि नृत्य : ‘नटरंग’, ‘बिली इलियट’ व ‘ये बॅले’ यांचा तुलनात्मक विचार

प्रास्ताविक

कष्टकरी घरातील मुलाने नृत्य हेच आपले जीवितकार्य मानावे आणि घराने त्यास कडाडून विरोध करावा, हे कथासूत्र जगातील अनेक भाषांतील कलाकृतींना परिचित आहे. मराठीत या सूत्राचा सर्वांत ठळक आविष्कार म्हणून ‘नटरंग’ या चित्रपटाचा निर्देश करावा लागेल. आनंद यादव यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला, रवी जाधव दिग्दर्शित हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. इंग्रजीत स्टीफन डॉल्ड्री दिग्दर्शित ‘बिली इलियट’ (२०००) आणि मुंबईच्या पार्श्वभूमीवरील, सूनी तारापोरवाला दिग्दर्शित ‘ये बॅले’ (२०२०) हे चित्रपट याच सूत्राची आणखी दोन रूपे होत.

या प्रकारच्या कलाकृतींचे विवेचन करताना एक सोपी मांडणी वारंवार केली जाते. एका बाजूस प्रतिभावंत मुलगा, दुसऱ्या बाजूस अडाणी, सनातनी कुटुंब, आणि त्या दोहोंच्या संघर्षातून कलेचा विजय. ही मांडणी अपुरी आहे, एवढेच नव्हे तर कष्टकरी कुटुंबावर अन्याय करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कुटुंबाचा विरोध हा बहुधा कलेला नसतो. त्या कलेमागे समाजाने कोणती प्रतिष्ठा आणि कोणती भाकरी उभी केली आहे, याचा तो घराने केलेला हिशेब असतो. तो हिशेब बदलण्याचे सामर्थ्य एकट्या मुलाच्या प्रतिभेत नसते, ते संस्थांमध्ये असते. हे विधान उपरोक्त तीन कलाकृतींच्या आधारे तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मोट थांबते, खाण बंद पडते

‘नटरंग’चा नायक गुणा कागलकर हा कोल्हापूर जिल्ह्यातील कागलचा शेतमजूर. अंगाने पैलवान, कुस्तीचा आणि तमाशाचा षौक असलेला. विहिरीवर मोट हाकणे, मालकाच्या शेतात राबणे हा त्याचा नित्यक्रम. मालक विहिरीवर पंप बसवतो आणि मोटेबरोबर मोट हाकणाऱ्यांचीही गरज संपते. हाताला काम नाही, अशा अवस्थेत गुणा आणि त्याचे सोबती फड उभा करण्याचा घाट घालतात. तमाशाचे वेड गुणाच्या मनात आधीपासून होते. परंतु ते वेड प्रत्यक्षात उतरते ते रोजगार गेल्यावर, हे ध्यानात घ्यावयास हवे.

‘बिली इलियट’ची घडण आश्चर्यकारकरीत्या समांतर आहे. चित्रपटाचा काळ १९८४-८५ चा, स्थळ उत्तर-पूर्व इंग्लंडमधील कोळसा खाणींचे गाव. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याची आणि त्यांतील सुमारे वीस हजार नोकऱ्या संपुष्टात आणण्याची योजना जाहीर केली. त्यातून खाण कामगारांचा वर्षभराचा संप उभा राहिला आणि मार्च १९८५ मध्ये तो पराभूत होऊन मागे घेण्यात आला. अकरा वर्षांच्या बिलीचा बाप आणि थोरला भाऊ दोघेही संपावर आहेत. बिलीला घरातून पाठवले जाते मुष्टियुद्ध शिकण्यास. परंतु इमारतीतील बॅलेच्या वर्गाची जागा संपकऱ्यांच्या अन्नछत्रासाठी लागते आणि तो वर्ग मुष्टियुद्धाच्या दालनात हलवावा लागतो. बिलीची आणि बॅलेची भेट होते ती अशी. नृत्य त्याच्या आयुष्यात संपाच्या दाराने प्रवेश करते.

दोन्ही कथांत श्रमिकाचे बलदंड पुरुषी शरीर अर्थव्यवस्थेस नकोसे होत असतानाच ते शरीर नृत्याकडे वळते. गुणाचे पिळदार दंड मोटेवर उपयोगाचे होते. पंपाने ते निरुपयोगी केले. बिलीच्या घरातील पुरुषांची ताकद खाणीत मोलाची होती. खाणींनीच पाठ फिरवली. ज्या परिसरात हा चित्रपट मुख्यत्वे चित्रित झाला त्या ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये कायमची बंद झाली, म्हणजे प्रेक्षकांनी चित्रपट पाहिला तेव्हा पडद्यावरील कामगारांचे भवितव्य त्यांना आधीच ठाऊक होते. अशा वेळी कुटुंबाचा विरोध काय सांगत असतो? ज्या शरीरावर पिढ्यान्‌पिढ्या घर चालले, त्या शरीराची किंमत उतरली आहे हे मान्य करण्यास घर तयार नसते. मुलाने कुस्ती खेळावी, ठोसे मारावे, या आग्रहात पौरुषाचा अहंकार आहे, तसाच बुडत्या व्यवसायाला धरून राहण्याचा आकांतही आहे.

विरोधातील शहाणपण

गुणाच्या फडासाठी नयना ही नृत्यांगना मिळते, मात्र फडात नाच्या हवाच, अशी अट पुढे येते. ती भूमिका कोणीही पत्करण्यास तयार होत नाही आणि वगात राजा होण्याचे स्वप्न पाहणारा गुणा अखेरीस नाच्या होतो. कमावलेले शरीर तो झडवतो, चाल बदलतो, आवाजाची ढब बदलतो. अतुल कुलकर्णी यांनी हे स्थित्यंतर ज्या शारीरिक निष्ठेने साकारले आहे, त्याचे कौतुक यथोचित झालेले आहे. कौतुकाच्या भरात मागे राहते ती गुणाची पत्नी द्वारकी. नवऱ्याच्या या निर्णयाचा भार तिला गावात वाहावा लागतो. मुलाला शाळेत आणि गल्लीत चिडवणे ऐकावे लागते, वडिलांची मान खाली जाते. द्वारकीचा नकार हा कलेविषयीचा अडाणीपणा आहे, असे म्हणणे फार सोपे आहे. वस्तुतः तिने हिशेब बरोबर मांडलेला असतो. तमाशाचा पैसा अनिश्चित, मुक्काम अनिश्चित, आणि नाच्याच्या घरावर बसणारा शिक्का मात्र निश्चित. पुढे राजकीय वैरातून फडावर हल्ला होतो, गुणावर लैंगिक अत्याचार होतो, तेव्हा तिची भीती अनाठायी नव्हती हे चित्रपटच सिद्ध करतो.

बिलीच्या बापाचाही विरोध असाच वाचावयास हवा. बॅले हे मुलांनी करण्याचे काम नव्हे, असे तो मानतो आणि तसे रागाने बजावतो. परंतु नाताळच्या रात्री बिलीला नाचताना तो प्रत्यक्ष पाहतो आणि थेट शिक्षिका श्रीमती विल्किन्सन यांच्या दारी जातो. तेथे तो कलेविषयी प्रश्न विचारीत नाही. खर्च किती येईल, हे विचारतो. या एका प्रश्नाने त्याच्या विरोधाचे अंतरंग उघड होते. मुलात काही विशेष आहे हे पटताच पुरुषत्वाची अडचण मागे सरते आणि पैशाची अडचण पुढे येते. त्यानंतर तो मुलासाठी संप मोडून खाणीत जाणाऱ्या गाडीत बसतो. ज्या कामगाराने आयुष्यभर संघटनेची निष्ठा जपली, त्याने फितुरीचा कलंक पत्करण्याची तयारी दाखवावी, हा चित्रपटातील सर्वांत विदारक प्रसंग होय. थोरला मुलगा त्याला अडवतो आणि पैशाची तजवीज अन्य मार्गांनी होते. त्यांत दिवंगत पत्नीचे दागिनेही गहाण टाकले जातात.

येथे दोन कथांचे मार्ग वेगळे होतात. बिलीचा बाप बदलतो, गुणाचे घर बदलत नाही. याचे कारण कागलचे लोक मनाने कोते आणि इंग्लंडचे खाण कामगार उदार, असे देता येईल काय? तसे मुळीच नाही. दोन घरांसमोर दोन वेगवेगळे रस्ते होते, हे त्याचे कारण आहे.

एकच लुगडे, दोन किमती

हा मुद्दा अधिक स्पष्ट होण्यासाठी मराठी रंगभूमीचा इतिहास आठवावा लागेल. पुरुषाने स्त्रीवेश करून रंगमंचावर वावरणे मराठी समाजास नवीन नव्हते. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांनी संगीत नाटकांत साकारलेल्या नायिकांनी मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना वेशभूषेचे आदर्श पुरवले. त्यांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ मध्ये पद्मभूषण प्राप्त झाले. त्यांच्या स्त्रीवेशाने कोणाच्या घराची अब्रू गेली, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तमाशातही स्त्रिया उभ्या राहण्यापूर्वी स्त्रीवेशातील ‘नाच्या पोऱ्या’च नृत्य करीत असे. स्त्रिया फडात आल्यावर नाच्याचे काम आकसले, गौळणीतील मावशी आणि विनोदाचा आधार एवढेच उरले, आणि त्याच्या वाट्याला येणारी टिंगल मात्र वाढत गेली. कोल्हापूरच्या गरीब घरातून आलेले ज्येष्ठ अभिनेते गणपत पाटील (निधन २००८) यांनी तमाशाप्रधान चित्रपटांत नाच्याची भूमिका इतकी परिपूर्ण वठवली की ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली. ते संसारी गृहस्थ होते, तरीही पडद्यावरील सोंग लोकांनी त्यांच्या खासगी आयुष्यावर लादले.

स्त्रीवेश तोच, पुरुषाचे शरीर तेच. एकास पद्मभूषण, दुसऱ्यास हेटाळणी. या तफावतीचे स्पष्टीकरण केवळ लिंगभावाच्या आधारे देता येत नाही. संगीत नाटकामागे नाटक मंडळ्या होत्या, राजाश्रय आणि धनिकाश्रय होता, वृत्तपत्रांतील समीक्षा होती, उच्चवर्णीय शहरी प्रेक्षक होता. तमाशाचे कलावंत बहुतांशी दलित व भटक्या जातींतील, प्रेक्षक शेतकरी-कामकरी, आणि आश्रय जत्रेपुरता. पुरुषाच्या नाचण्याला जी लाज चिकटते ती अशा रीतीने जात, वर्ग आणि संस्था यांनी घडवलेली असते. गुणाच्या घराला या इतिहासाचे नाव ठाऊक नसेल, त्याचा अनुभव मात्र पुरेपूर आहे.

संस्था नावाचा तिसरा पक्ष

बिलीच्या कथेत मुलगा आणि बाप यांच्या जोडीला एक तिसरा पक्ष आहे. तो म्हणजे लंडनचे रॉयल बॅले स्कूल. तेथे निवडचाचणी आहे, प्रवेशाचे पत्र आहे, ठरलेला अभ्यासक्रम आहे आणि पुढे रंगमंच आहे. खाणीच्या गावातील बापाला बॅलेतले काहीही कळत नसले तरी शाळा, परीक्षा, प्रवेश हे शब्द त्याला कळतात. मुलाच्या वेडाचे रूपांतर ‘पुढच्या शिक्षणा’त होते आणि संमती देणे त्याला शक्य होते. त्या शाळेपर्यंतचा रस्ता दाखवणारी व्यक्तीही आहे. श्रीमती विल्किन्सन या कोणी थोर नर्तिका नव्हेत. एका लहान गावातील, काहीशा कंटाळलेल्या शिक्षिका आहेत. त्यांच्यापाशी दोनच गोष्टी आहेत. मुलात काय आहे हे ओळखण्याची नजर, आणि त्याला कोठे पाठवावे याची माहिती.

गुणाच्या कथेत हा तिसरा पक्षच नाही. फड आहे, परंतु फड म्हणजे शाळा नव्हे. तेथे प्रमाणपत्र नाही, वेतन नाही, संरक्षण नाही. अखेरीस नयनाच्या साथीने गुणा पुन्हा उभा राहतो आणि कालांतराने त्याचा जाहीर सन्मान होतो. हा शेवट प्रेक्षकास दिलासा देतो, पण समीक्षकाने येथे थांबून विचार करावयास हवा. उतारवयातील सत्कार हा तरुणपणीच्या आधाराला पर्याय होऊ शकतो काय? तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. तरीही २००२ मध्ये त्यांचे निधन झाले ते आर्थिक विपन्नावस्थेत. त्यांच्या नावाने राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो २००६ मध्ये. आपला समाज लोककलावंताचा गौरव करण्यास तयार होतो, परंतु त्याच्या घरास आधी विश्वास देण्यास तयार नसतो. ‘नटरंग’चा शेवट नकळत याच सवयीचे प्रतिबिंब ठरतो.

‘ये बॅले’ या दोन टोकांच्या मधोमध उभा आहे. मनीष चौहान व अमिरुद्दिन शाह या मुंबईतील कष्टकरी घरांतून आलेल्या नर्तकांच्या वास्तव वाटचालीवरून स्फुरलेला हा चित्रपट आहे, आणि त्यात मनीष चौहान यांनी स्वतःवरच बेतलेली भूमिका केली आहे. टॅक्सीचालक बापाचा मुलगा आणि एका मुस्लीम कुटुंबातील मुलगा, दोघांनाही घरचा विरोध आहे. एकास पोटाच्या कारणाने, दुसऱ्यास धर्माच्या कारणाने. परदेशातून आलेला कठोर गुरू त्यांना घडवतो. प्रत्यक्षात हे कार्य येहुदा माओर या बॅले शिक्षकाने मुंबईत केले. पुढे अमिरुद्दिन शाह यांना लंडनच्या त्याच रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, हा योगायोग बोलका आहे. मुंबईतील मुलाच्या घरासही संमतीसाठी जो आधार मिळाला, तो सातासमुद्रापलीकडील संस्थेचा. आपल्या मातीत ती व्यवस्था असती, तर त्या घरांना एवढी वाट पाहावी लागली असती काय, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. प्रेक्षकाने तो विचारावा लागतो.

दोन मर्यादा

संस्थेचे महत्त्व सांगताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. बिलीच्या प्रवेशाची आनंदवार्ता घेऊन बाप सहकाऱ्यांकडे धावत जातो, तेव्हा संप मोडल्याची वार्ता त्याला तेथे मिळते. एक मुलगा वर जातो आणि उरलेले गाव पुन्हा खाणीत उतरते. संस्था व्यक्तीला उचलून घेते, समूहाला तसेच ठेवते. बिलीचे यश खरे आहे, पण ते गावाच्या पराभवाची भरपाई नव्हे. आणि चित्रपटाचा मोठेपणा असा की तो तशी बतावणी करीत नाही.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. ‘नटरंग’ गुणाला प्रतिष्ठा मिळवून देतो ती तो ‘खरा पुरुष’ आहे, पैलवान आहे, बायकापोरांचा धनी आहे, हे पुनःपुन्हा ठसवून. नाच्या हे त्याचे सोंग आहे, स्वभाव नव्हे, हा युक्तिवाद प्रेक्षकाची सहानुभूती मिळवतो. परंतु ज्याच्यासाठी ते सोंग नाही, ज्याचा स्वभावच पुरुषत्वाच्या रूढ चौकटीत बसत नाही, त्याच्या प्रतिष्ठेचे काय? हा प्रश्न चित्रपट उंबऱ्याबाहेर ठेवतो. ‘बिली इलियट’मध्येही बिली स्वतः तसा नसल्याचे स्पष्ट केले जाते, तथापि तेथे मायकेल हा मित्र आहे. तो वेगळा आहे, आणि बिलीचे त्याच्यावरील प्रेम त्यामुळे यत्किंचितही उणे होत नाही. ‘नटरंग’मध्ये मायकेलसाठी जागा नाही. मराठीतील पुढील कलाकृतींनी ही उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नसावी.

समारोप : महाविद्यालयाचे उत्तरदायित्व

या विवेचनाचा आपल्याशी, म्हणजे निफाडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्यांशी, काय संबंध? हा तालुका ऊस, द्राक्षे आणि कांदा यांचा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांत ओझी उचलणाऱ्यांची, द्राक्षबागांत रोजंदारीवर जाणाऱ्यांची मुले आपल्या वर्गांत बसतात. जत्रेतील तमाशाची कनात या परिसरास परकी नाही आणि तिच्याविषयीचा तुच्छतेचा सूरही परका नाही. स्नेहसंमेलन आले, विद्यापीठाचा युवक महोत्सव आला, की यांतील काही मुले समूहनृत्यात जीव ओतून नाचतात. २००३ पासून होत असलेल्या ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत मजल मारण्याचे स्वप्न पाहतात. ढाल मिळाली की महाविद्यालयाच्या अहवालात छायाचित्र छापले जाते. त्यानंतर तो मुलगा, मला हेच शिकावयाचे आहे, असे म्हणू लागला, तर आपण काय करतो? बहुधा पदवी पूर्ण करण्याचा सल्ला देतो. म्हणजे घर जे म्हणते तेच, किंचित शुद्ध भाषेत.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ पासून कार्यरत आहे व तेथे नृत्याचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत तमाशासह लोककलांचे रीतसर अध्ययन होते. नाशिक शहरात कथकचे शिक्षण घेता येते. या वाटा अपुऱ्या आहेत, महाग आहेत, ग्रामीण मुलांसाठी दूरच्या आहेत, हे सर्व मान्य. परंतु आपल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या बापाला त्या ठाऊकच नसतील, तर त्याचा दोष घराच्या अडाणीपणावर टाकता येणार नाही. द्वारकीला आणि बिलीच्या बापाला कलेची महती पटवून देण्याची गरज नव्हती. प्रवेश कोठे, खर्च किती, राहण्याची सोय काय, पुढे पोट कसे भरेल, या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे त्यांना हवी होती. बिलीच्या बापास ती मिळाली, द्वारकीस देणारे कोणी नव्हते.

म्हणून ‘नटरंग’ अभ्यासताना गुणाच्या जिद्दीपाशी थांबणे पुरेसे नाही. जिद्द मुलापाशी असतेच. घराची संमती ही उपदेशाने मिळत नाही, ती विश्वासार्ह व्यवस्थेतून निर्माण होते, आणि तालुक्याच्या ठिकाणी त्या व्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे महाविद्यालय. विद्यार्थ्याच्या घरी जाऊन, त्याच्या बापासमोर बसून, वरील चार प्रश्नांची उत्तरे देण्याइतकी माहिती प्रत्येक सांस्कृतिक विभागप्रमुखापाशी असावी, एवढी किमान अपेक्षा या कलाकृती आपल्याकडून करतात.